तुर्भे पॅकहाउस, मुख्य राउटर: सीपीयू लोडच्या प्रकल्प नोंदी

२१ एप्रिल २०२५, सोमवार

ठिकाण तुर्भे एमआयडीसीतलं आंबा निर्यातीचं पॅकहाउस आणि त्याला लागून असलेलं शीतगृह. राउटर एकच आणि सगळा भार त्याच्यावर: दोन इंटरनेट लाइन, ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या ऑफिसशी व्हीपीएन (इंटरनेटमधूनच जाणारी बंदिस्त खाजगी जोडणी), एपीएमसी फळबाजारातल्या गाळ्याशी व्हीपीएन. शिवाय स्कॅनर गन, लेबल प्रिंटर आणि मोबाइल यांना आयपी पत्ते वाटण्याचं कामही तोच करतो. सिस्को कंपनीच्या आयओएस या राउटर-प्रणालीवर चालणारा, वयाने जुना पण धडधाकट राउटर आहे.

सकाळी सुपरवायझर दादांचा फोन आला. “नवीन शिफ्टच्या स्कॅनर गन जोडल्याच जात नाहीयेत. रात्रीपासून ज्या चालू आहेत त्या मात्र बिनतक्रार चालल्यात.” गाळ्यावरच्या मुनीम काकांचीही तक्रार तीच होती, फक्त त्यांच्या शब्दांत: “बिल निघता निघता लाइन जाते, मग आपोआप येते.”

दादांचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवतोय, कारण निम्मं निदान त्यातच आहे. लाइन संथ असती तर जुन्या-नव्या सगळ्याच गन रखडल्या असत्या. जुनं चालू आणि नवं अडतंय, म्हणजे पॅकेट (डेटाचे तुकडे) पुढे ढकलण्याचं काम ठीक चाललंय आणि राउटरला स्वतः डोकं लावून करावी लागणारी कामं तुंबलीत: पत्ता वाटणं, व्हीपीएनच्या दुसऱ्या टोकाला वेळेवर ‘मी आहे’ म्हणून उत्तर देणं.

पिंगनेही (‘आहेस का’ विचारून उत्तराला लागणारा वेळ मोजणं) तेच दाखवलं. राउटरच्या स्वतःच्या पत्त्याला पिंग केलं तर ३०० मिलिसेकंदांच्या आसपास, मधूनच गायब. त्याच राउटरमधून पलीकडच्या सर्व्हरला पिंग केलं तर ४ मिलिसेकंद. राउटर स्वतःला आलेल्या पिंगला फुरसतीने उत्तर देतो, तेव्हा त्या ३०० वरून ‘नेटवर्क स्लो’ असा निष्कर्ष काढायचा नाही, हे ज्युनिअरला लगेच सांगितलं.

सीपीयू, म्हणजे राउटरचा मेंदू, किती कामात आहे ते दाखवणाऱ्या ‘शो प्रोसेसेस सीपीयू सॉर्टेड’ या कमांडचा पहिला आकडा: पाच सेकंद ९७%/१८%, एक मिनिट ९५%, पाच मिनिटं ९४%.

इथे बहुतेक जण ९७ पाहतात आणि थांबतात. तिरक्या रेघेनंतरचा १८ जास्त बोलका आहे. पहिला आकडा एकूण काम, दुसरा त्यातलं इंटरप्टवर होणारं काम, म्हणजे येणारं पॅकेट सरळ पुढे ढकलणं. खरोखर ट्रॅफिकनेच राउटर दमला असता तर दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ पोचला असता. इथे तो १८ वरच आहे. उरलेले ७९ टक्के प्रोसेस, म्हणजे राउटरने स्वतः करायची कामं, खातायत. यादीत सगळ्यात वर ‘एआरपी इनपुट’ (लॅनवरच्या पत्त्यांची विचारणा हाताळणं) ५२ टक्के, त्याखाली ‘आयपी इनपुट’ (सरळ पुढे न जाता प्रोसेसकडे आलेली पॅकेटं हाताळणं) १९.

शेठनी नवीन राउटरचं कोटेशन आधीच मागवून ठेवलंय. त्यांची घाई मला समजते. हापूसचा जोर आहे, देवगड-रत्नागिरीचा माल रोज रात्री उतरतो, प्रत्येक पेटी कुठल्या बागेची ते लेबलवर यावंच लागतं. अमेरिकेला जाणारा माल पणन मंडळाच्या वाशीच्या विकिरण केंद्रात ठरल्या वेळी पोचवावा लागतो. तिथली वेळ चुकली की पुढचं विमान चुकतं. तरीही शेठना विनंती केली की कोटेशनवर सही करू नका. कशासाठी दमतोय ते न बघता मोठा राउटर आणला तर तो त्याच कामाने दमेल, फक्त थोडा उशिरा.

सगळ्यांना ताकीद: माझ्याशी बोलल्याशिवाय राउटर बंद-चालू करायचा नाही. शनिवारी संध्याकाळी कुणीतरी केला होता. काही तास बरं वाटतं हे खरं, पण सगळा पुरावा पुसला जातो.

२२ एप्रिल, मंगळवार

आधी ‘शो प्रोसेसेस सीपीयू हिस्टरी’. हा आलेख शेवटची ६० सेकंदं, ६० मिनिटं आणि ७२ तास दाखवतो, चांदणीचं चिन्ह कमाल आणि हॅशचं चिन्ह सरासरी. शनिवारी बंद-चालू केल्यानंतरचाच भाग मिळाला, पण तेवढा पुरला. पहिल्या तासांत लोड बेताचा, मग चढत चढत वर, आणि रविवारी रात्री ऑफिसात चिटपाखरू नसताना तितकाच. माणसं कामाला आली की वाढणारा आणि घरी गेली की उतरणारा हा लोड नव्हे. हे यंत्राचं काम आहे.

एआरपी म्हणजे लॅनवर (एका जागेच्या आतल्या नेटवर्कवर) ‘हा आयपी पत्ता कुणाचा, तुझा मॅक पत्ता (उपकरणाला कारखान्यातून मिळालेला) सांग’ अशी हाक. १९८२ सालचा प्रोटोकॉल, आजही प्रत्येक इथरनेटच्या तळाशी तोच आहे. एआरपी इनपुट वर दिसलं की पहिला संशय स्विचमधल्या, म्हणजे सगळ्या तारा एकत्र जोडणाऱ्या पेटीतल्या, लूपचा येतो: तीच पॅकेटं गोल फिरत राहणं. तो रीतसर तपासला: कुठल्या पोर्टवर (तार लावायच्या जागेवर) ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम मारलेल्या हाका, उसळतंय का, लूप रोखणारा स्पॅनिंग ट्री शांत आहे का. सगळं शांत.

मग ‘शो आयपी ट्रॅफिक’ मधला एआरपीचा भाग. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा घेतला. बाहेरून आलेल्या विचारणा जेमतेम हलल्या. राउटरने स्वतः पाठवलेल्या विचारणा मात्र तीन हजारांनी वाढल्या. इथे तपासाची दिशाच बदलली. कुणी राउटरला त्रास देत नव्हतं, राउटरच सेकंदाला तीनशे हाका मारत होता. आणि एकाच पत्त्यासाठी आयओएस दोन सेकंदांत एकापेक्षा जास्त हाक मारत नाही, म्हणजे तीनशे हाका तीनशे वेगवेगळ्या पत्त्यांसाठी. पॅकहाउसमध्ये मोबाइलसकट उपकरणं दोनशेच्या आतच असतील. मग हे पत्ते आले कुठून?

‘शो आयपी एआरपी’ दिलं आणि ज्युनिअरला शेजारी बसवून वाचायला लावलं. एरवी ही यादी एका स्क्रीनमध्ये संपते. आज स्पेस बार दाबत राहिलो आणि ती संपेना. मोजणी लावली तर लाखाच्या पुढे. डावीकडे जगभरचे पत्ते, कुठलाच कुठल्याशी जुळणारा नाही. उजवीकडे इंटरफेस, म्हणजे राउटरचं जोडणीचं तोंड, प्रत्येक ओळीत तोच, नव्या इंटरनेट लाइनचा. मधल्या रकान्यात दोनच प्रकार: एक तर ‘इन्कम्प्लीट’ (उत्तर न आलेलं), नाहीतर एकच मॅक पत्ता, ओळीमागून ओळ तोच. “जगातल्या एवढ्या मशिनचा मॅक एकच कसा?” असं ज्युनिअरनेच विचारलं. त्या प्रश्नातच उत्तर होतं. तो मॅक सर्व्हिस प्रोव्हायडरच्या गेटवेचा, म्हणजे आपली लाइन जिथून इंटरनेटला मिळते त्या त्यांच्या राउटरचा.

कॉन्फिगमधली (राउटरच्या सेटिंगमधली) ओळ शोधली. डीफॉल्ट राउट, म्हणजे दुसरी वाट ठरलेली नसेल तेव्हाची वाट, लिहिलाय तो असा: ‘आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.० गिगाबिट-इथरनेट ०/१’. गेटवेचा पत्ता नाही, फक्त इंटरफेसचं नाव.

दिसायला छोटी गोष्ट, परिणाम मोठा. इथरनेटवर असं लिहिलं की राउटर समजतो, सगळं इंटरनेट या तारेला थेट जोडलेलं आहे. मग प्रत्येक नव्या पत्त्यासाठी तो तारेवर हाक मारतो. प्रोव्हायडरच्या गेटवेवर प्रॉक्सी एआरपी चालू असल्याने तो बऱ्याच हाकांना ‘माझ्याकडे दे’ म्हणून ओ देतो, त्यामुळे इंटरनेट चालतं आणि चूक आहे असं कुणाच्या लक्षातही येत नाही. नोंद झालेला प्रत्येक पत्ता चार तास, म्हणजे १४,४०० सेकंद यादीत राहतो. वेळ संपत आली की राउटर पुन्हा विचारणा करतो. बंद-चालू केल्यावर काही तास बरं का वाटतं, तेही इथेच कळलं: यादी रिकामी होते, मग पुन्हा भरते.

मेमरीही पाहिली. मोकळी मेमरी उतरत चाललीय आणि लॉगमध्ये ‘मॅलॉकफेल’ (मागितलेली मेमरी मिळाली नाही) च्या दोन ओळी. हे असंच राहिलं असतं तर राउटर ऐन रात्रीच्या गाडीला स्वतःहून बसला असता.

शेठना समजावताना त्यांच्याच धंद्यातलं सांगितलं. पेट्या बाहेरगावी पाठवायच्या तर मुनीम ट्रान्सपोर्टवाल्याकडे देतो आणि मोकळा होतो. आपला मुनीम मात्र प्रत्येक पेटीसाठी बाजारात उभा राहून ‘दुबईचे अमुक शेठ इथे आहेत का हो?’ असं ओरडतोय आणि दर वेळी तोच ट्रान्सपोर्टवाला हात वर करतोय. शेठ म्हणाले, “मग त्याला ट्रान्सपोर्टवाल्याचं नाव एकदाच लिहून द्या की.” तेच करायचंय.

२३ एप्रिल, बुधवार

बदलासाठी दुपारी दोन ते चार मिळाले. त्या वेळात सकाळचा माल पॅक झालेला असतो आणि रात्रीच्या गाड्या यायच्या असतात.

आधी चालू कॉन्फिगची प्रत काढून लॅपटॉपवर आणि ठाण्याच्या सर्व्हरवर ठेवली. नेटवर्क गेलं तरी राउटरशी बोलता यावं म्हणून कन्सोल केबल लावली, वेग ९६०० बॉड. तरीही ‘रीलोड इन १५’ देऊनच सुरुवात केली. काही बिनसलं आणि हाताबाहेर गेलं तर पंधरा मिनिटांनी राउटर जुन्या, सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर परत येईल. ही सवय ज्युनिअरने आतापासूनच लावून घ्यावी.

पहिल्यांदा गेटवेच्या पत्त्यासह नवीन राउट टाकला. तो राउटिंग टेबलमध्ये (वाटांच्या यादीत) दिसल्यावरच जुना काढला, म्हणजे मध्ये एक क्षणही रस्ता बंद राहत नाही. मग एआरपी यादी साफ केली. ठाणे आणि गाळा, दोन्ही व्हीपीएन जागच्या जागी. रीलोड रद्द, कॉन्फिग सेव्ह.

दहा मिनिटांनंतर: ३८%/१७%. एआरपी इनपुट एक टक्क्याच्याही खाली. बाहेरच्या इंटरफेसवर एआरपीची एकच ओळ, गेटवेची. दादांनी बंद पडलेली गन हातात घेतली, सुरू केली, तिला लगेच पत्ता मिळाला. पॅकिंगच्या टेबलावरच्या ताईंनी तिथल्या तिथे पेटी स्कॅन करून दाखवली.

सगळे खूश झाले आणि शेठनी विचारलं, “झालं ना?” मी नाही म्हटलं. ३८ मधून १७ गेले की २१ उरतात, आणि त्यातले चौदा ‘आयपी इनपुट’ चे आहेत. अजून काहीतरी पॅकेटं प्रोसेसकडे ढकलतंय. शिवाय मूळ प्रश्न तसाच: सेकंदाला तीनशे नवे पत्ते मागतंय कोण? चुकीच्या राउटने त्या मागण्यांचं ओझं दसपट केलं, पण मागण्या काही राउटने निर्माण केल्या नव्हत्या.

२४ एप्रिल, गुरुवार

‘शो आयपी नॅट स्टॅटिस्टिक्स’ (नॅट म्हणजे आतल्या पत्त्याच्या जागी बाहेरचा पत्ता लावणं, प्रत्येक जोडणीची त्यात नोंद होते): चालू नोंदी अठरा हजारांच्या आसपास, दर वेळी पाहिलं तरी तेवढ्याच. हा स्थिर आकडाच मला खटकला. टीसीपीची, म्हणजे दोन्ही टोकांनी आधी हाक-ओ देऊन जुळणाऱ्या जोडणीची, पूर्ण जुळलेली नोंद नॅटमध्ये २४ तास राहते. नुसती सुरुवातीची हाक गेली आणि पलीकडून काही आलं नाही, तर ती ६० सेकंदांत पुसली जाते. सेकंदाला तीनशे गुणिले साठ, बरोबर अठरा हजार. म्हणजे आतलं कुणीतरी सेकंदाला तीनशे दारं ठोठावतंय आणि जवळपास एकही उघडत नाहीये. आमच्या या आयओएसवर नव्या नॅट नोंदीचं पहिलं पॅकेट प्रोसेसकडे जातं, म्हणून आयपी इनपुट वर.

यादीत आतल्या बाजूला पत्ते दोनच, आलटून पालटून. बाहेरच्या बाजूला पत्ते बदलत राहतात पण पोर्ट बदलत नाही: २३, २३, २३, मध्येच एखादा २३२३, पुन्हा २३. इथला पोर्ट म्हणजे उपकरणातल्या सेवेचा दार-क्रमांक; २३ टेलनेटचा, म्हणजे दुरून उपकरणात शिरून कमांड देण्याच्या जुन्या सोयीचा. हे लक्षण २०१६ सालापासून ओळखीचं आहे. मिराई नावाच्या मालवेअरने कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी) आणि घरगुती राउटर अशाच पद्धतीने पकडले होते: वाटेल ते पत्ते काढायचे, टेलनेटवर हाक द्यायची, साधारण दहातली एक हाक २३२३ वर, आणि दार उघडलं की कारखान्यातून आलेले पासवर्ड एकेक लावून बघायचे. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला डाइन या डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या) कंपनीवर झालेल्या हल्ल्याने अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या साइट बंद पडल्या, त्यात याच फौजेचा हात होता. सोर्स कोड उघड झाल्यानंतर त्याची पिल्लं निघतच राहिली. आपल्याकडे नेमकं कुठलं पिल्लू आहे ते ओळखत बसायची गरज नाही. वागणूक पुरेशी स्पष्ट आहे.

मॅक पत्त्यांवरून स्विचचे पोर्ट काढले, पोर्टवरून तारा. दोन डीव्हीआर निघाले: एक शीतगृहाच्या दाराशी, एक माल उतरवायच्या धक्क्यावर.

लगेच आतल्या इंटरफेसवर एसीएल (कुणाला जाऊ द्यायचं, कुणाला नाही याचे नियम) लावून या दोघांचं बाहेर जाणं बंद केलं. दोन गोष्टी जाणीवपूर्वक केल्या. नियमाच्या शेवटी ‘लॉग’ शब्द लावला नाही, कारण लॉग होणारं पॅकेट प्रोसेसकडे जातं. सेकंदाला तीनशे पॅकेटं अडवताना ती मोजायलाच सीपीयू जाळण्यात अर्थ नाही. नियमापुढचा साधा मोजणीचा आकडा पुरतो. आणि त्या इंटरफेसवर ‘नो आयपी अनरीचेबल्स’ दिलं, म्हणजे अडवलेल्या पॅकेटांसाठी ‘पोचलं नाही’ असे निरोप राउटर लिहीत बसणार नाही.

लोड: २१%/१६%.

आपली उपकरणं दुसऱ्यांची दारं ठोठावत होती. ही फक्त घरातली अडचण नाही, घटना आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आयओटी (नेटला जोडलेल्या कॅमेऱ्यांसारख्या) उपकरणांवरचे हल्लेही त्या यादीत आहेत. शेठना हे सांगितलं तेव्हा ते जरा बिचकले, “उगाच आपलं नाव कशाला?” मी म्हटलं, कळवणं हे आपल्याच बाजूचं आहे. दुपारीच ई-मेल केला, पत्ते, वेळा आणि केलेली कारवाई यांसह. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत, तेव्हा राउटरचे लॉग ठाण्याच्या सर्व्हरवर पाठवणं आजपासून सुरू, आणि राउटरचं घड्याळ एनआयसी या सरकारी संस्थेच्या एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरशी जुळवलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

डीव्हीआर काढून टाकता येत नाहीत. शीतगृहाच्या काकांनी स्वच्छ सांगितलं: रात्री गाडी उतरताना पेट्यांच्या मोजणीवरून वाद झाला तर कॅमेरा हाच साक्षीदार. हमाल, ड्रायव्हर, बागायतदार, सगळ्यांचा त्यावर विश्वास आहे. त्यामुळे एका वेळी एकच डीव्हीआर, दिवसाउजेडी.

शीतगृहात हापूस १२-१३ अंशांवर ठेवतात, त्याहून थंड केला तर फळ आतून खराब होतं. त्या दाराशी सतत दव धरतं. डीव्हीआर तिथेच भिंतीवरच्या पत्र्याच्या पेटीत, झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर, त्यावर यूझर आणि पासवर्ड, कारखान्यातून आले तसेच. पासवर्ड कुणी बदललाच नव्हता, कारण बसवणाऱ्याने “बदलू नका, मोबाइलवर दिसणार नाही” असं सांगून ठेवलं होतं. मोबाइलवर दिसावं म्हणून राउटरमधून डीव्हीआरकडे पोर्ट फॉरवर्डही करून ठेवलेले, टेलनेटसकट. बाहेरून आत यायला मोकळी वाट होती.

या जातीचं मालवेअर बहुधा मेमरीतच राहतं, उपकरण बंद केलं की जातं. पण तार लावलेलीच ठेवून बंद-चालू केलं तर काही मिनिटांत पुन्हा लागण होते, कारण बाहेर टेलनेट ठोठावणारे कायम फिरत असतात. म्हणून आधी पोर्ट फॉरवर्ड काढले, मग नेटवर्कची तार काढली, मग वीज बंद. चालू केल्यावर तार न लावताच मॉनिटर-माउसवरून पासवर्ड बदलला, फर्मवेअर (उपकरणाचं आतलं सॉफ्टवेअर) पेन ड्राइव्हवरून घातलं. धक्क्यावरच्या डीव्हीआरमध्ये टेलनेट बंद करता आलं. शीतगृहाच्या डीव्हीआरमध्ये तशी सोयच नाही.

दोघांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवरच्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये) टाकलं. तिथून इंटरनेट नाही, स्कॅनर-प्रिंटरच्या नेटवर्ककडे वाट नाही. कॅमेरे ऑफिसच्या स्क्रीनवर दिसतात. शेठ आणि काका बाहेरून बघतील ते मोबाइलवर व्हीपीएन लावून. काकांना ते माझ्यासमोर करायला लावलं. दोन बटणं जास्त दाबावी लागतात म्हणून कुरकुर केली, पण पासवर्ड स्वतःचा स्वतः ठेवला आणि मलाही सांगितला नाही. तेच हवं होतं.

२८ एप्रिल, सोमवार

लोड २० च्या आत, पण दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट ४५ पर्यंत उसळी. कारण ‘एसएनएमपी इंजिन’, म्हणजे मॉनिटरिंगच्या विचारणांना उत्तर देणारी प्रोसेस. ठाण्याचा मॉनिटरिंग सर्व्हर दर वेळी अख्खं राउटिंग टेबल आणि एआरपी यादी ओढून नेत होता, जी कुठल्याच आलेखात वापरली जात नाही. एसएनएमपी व्ह्यू (काय दाखवायचं त्याची मर्यादा) बांधून त्या दोन शाखा वगळल्या. इंटरफेस, सीपीयू, मेमरी एवढंच राहिलं. उसळी गेली.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय्य तृतीया

आजच्याइतकी गर्दी मोसमात क्वचितच होते. गाळ्यावर पहाटेपासून बिलं, पॅकहाउसमध्ये तिन्ही टेबलं चालू, सगळ्या गन बाहेर.

सर्वाधिक नोंद ३४%/२९%. हे आकडे पाहून समाधान वाटलं, आणि ३४ पेक्षा २९ पाहून जास्त. आता जे काम होतंय ते जवळपास सगळं पॅकेट पुढे ढकलण्याचं आहे, ज्यासाठी राउटर आणला ते. २१ तारखेला ९७ पैकी १८ होते.

पुढे पुन्हा असं झालं तर कुणी हजर असेलच असं नाही. म्हणून ‘प्रोसेस सीपीयू थ्रेशोल्ड’ (इशारा देण्याची मर्यादा) ८० वर लावलं, आणि ईईएम या आयओएसमधल्या आपोआप कामं करणाऱ्या सोयीचं छोटं ॲप्लेट लिहिलं: पाच मिनिटांची सरासरी ७० च्या वर गेली की प्रोसेसची क्रमवार यादी, एआरपीचा सारांश आणि नॅटचे आकडे वेळेसकट फ्लॅशवर लिहून ठेवायचे. आजारी असतानाच नाडी पाहिली गेली पाहिजे. मी ठाण्याहून ऐरोलीच्या पुलावरून इथे पोचेपर्यंत कुणीतरी राउटर बंद-चालू केलेला असू शकतो.

मुनीम काकांनी फोन करून सांगितलं, लाइन एकदाही गेली नाही. त्यांनी न विचारता फोन केला, हे इथे लिहून ठेवावंसं वाटलं.

२ मे, शुक्रवार, ठाणे

वागळे इस्टेटच्या ऑफिसातला राउटर तपासायला गेलो. ज्युनिअरने कॉन्फिग उघडलं आणि दोन मिनिटांत बोट ठेवलं: “सर, इथेही तेच. डीफॉल्ट राउट, नुसतं इंटरफेसचं नाव.” ओळ होती ‘आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.० डायलर १’.

बदलू दिली नाही, आणि का ते नीट समजावलं. ठाण्याची लाइन पीपीपीओईची आहे, म्हणजे यूझर-पासवर्ड देऊन प्रोव्हायडरशी थेट जुळणारी. डायलर हा दोन टोकांचा इंटरफेस, पलीकडे एकच जण असतो, त्यामुळे ‘कोण आहे’ विचारायची वेळच येत नाही. एआरपी तिथे होतच नाही. उलट प्रोव्हायडर दर वेळी दुसरा पत्ता देऊ शकतो, तेव्हा तिथे नुसता इंटरफेस लिहिणंच बरोबर. त्याच रूपाची ओळ इथरनेटवर घात करते आणि डायलरवर योग्य ठरते. त्याला ‘शो आयपी एआरपी’ आणि ‘शो प्रोसेसेस सीपीयू सॉर्टेड’ इथेही चालवून बघायला सांगितलं. एआरपी यादी एका स्क्रीनमध्ये संपली, त्यात सगळी ऑफिसचीच उपकरणं. सीपीयू ९%/६%. त्याने स्वतःच ‘राहू दे’ असा शेरा लिहिला.

एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) मात्र तपासला. पीपीपीओईमुळे १४९२ उरतो, तो डायलरवर लिहिलेला होता. टीसीपी एमएसएस (पॅकेटमधल्या नुसत्या मजकुराचा कमाल आकार) १४५२ वर बांधलेला नव्हता. तो आतल्या इंटरफेसवर बांधला. व्हीपीएनच्या टनेलवर तो आणखी कमी लागतो, तिथे १३६० ठेवला. पॅकेट तोडण्या-जोडण्याचं कामही सीपीयूवरच पडतं, म्हणून आताच.

५ मे, सोमवार

तुर्भे: आठवड्याची सरासरी १६ टक्के, मेमरी स्थिर, ईईएमने एकही फाइल लिहिलेली नाही. कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमधल्या एसीएलचा आकडा हललेला नाही, म्हणजे दोन्ही डीव्हीआर शांत आहेत.

गाळ्यावरचा छोटा राउटर बाकी आहे. मोसम ओसरल्यावर पाहायचा, आता तिथे हात लावणार नाही.

नवीन राउटरचं कोटेशन शेठनी परत केलं. त्यातल्या थोड्या पैशांत शीतगृहासाठी टेलनेट नसलेला डीव्हीआर आणि धक्क्यासाठी मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच मागवलाय. जूनमध्ये, माल संपल्यावर बसवायचा. पासवर्ड पहिल्या दिवशी काकांच्या हातून.